सीबीसीत इओसिनोफिल १९ टक्के आलेत. ही पेशी डोळ्यांनी बघायची कशी?

शिरोलीकर | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. धागा आरोग्यात टाकावा की छंदात हे ठरेना, म्हणून गप्पांत टाकतोय.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी झाली. टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) ९,४००, त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी १९ टक्के, बाकी सगळं रेषेत. आमचे डॉक्टर म्हणाले, दमा-खोकला काही? म्हटलं नाही. मग स्टूल तपासून घ्या म्हणाले. ते करणारच आहे, तेव्हा कृपया औषधं सुचवू नका. माझा प्रश्न वेगळाय.

मी फौंड्रीत, क्वालिटीला. दिवसभर बिडाचा तुकडा कापायचा, घासून आरसा करायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. ग्राफाइट पाकळ्यांसारखं पसरलेलं दिसलं की ते साधं बीड, ओढ बसली की तुटणार. गोळ्या दिसल्या की एसजी आयर्न, वाकेल पण लगेच दगा देणार नाही. आकार बघितला की माल कसा वागणार ते कळतं, ही वीस वर्षांची सवय. त्यामुळे कुणी मला नुसते '१९ टक्के' म्हटलं की पोट भरत नाही. मला ते १९ टक्के बघायचेत.

परवा शुगरच्या सुईनं बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला आणि कंपनीतल्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. लालसर चकचकाट, बाकी शून्य. वरून नायटल (धातूवर लावायचं आमचं अ‍ॅसिड) मारायचा मोह झालेला, आवरला. कुठं चुकलं?

कट्टा_दूध | मंगळवार, रात्री ९:५८

नायटल! भावा, रक्तदाब तपासायला गेल्यावर टायरचा गेज लावशील तू. नाद खुळा.

काचपट्टी | मंगळवार, रात्री १०:३५

मी लॅब टेक्निशियन म्हणून एकतीस वर्षं काढली, आता रिटायर. तुमच्या दोन चुका झाल्या.

पहिली, तुमच्या मायक्रोस्कोपचा उजेड वरून पडतो आणि धातूवरून परत येतो. रक्ताला उजेड खालून, आरपार लागतो. दुसरी, थेंब म्हणजे डबकं. त्यात तांबड्या पेशींचे थरावर थर. एका घन मिलीमीटरात तांबड्या पन्नास लाखांच्या आसपास आणि पांढऱ्या चार ते अकरा हजार. सहा-सातशे तांबड्या ओलांडाल तेव्हा एक पांढरी भेटते. ती डबक्यात कुठं शोधणार? त्यासाठी रक्त काचेवर ओढावं लागतं.

काचेच्या एका टोकाला बाजरीच्या दाण्याएवढा थेंब. दुसरी काच साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरकी धरून थेंबाला मागं टेकवायची, थेंब कडेनं पसरू द्यायचा आणि एका दमात पुढं ओढायची. दाबायचं नाही, थांबायचं नाही. चांगला स्मिअर जिभेसारखा दिसतो: सुरुवातीला जाड, मग पातळ, शेवटी पिसाची कड. जाड आला की थेंब मोठा किंवा काच फार उभी धरलेली. नवशिक्या पोरींना मी पहिल्या आठवड्यात फक्त हेच करायला लावायची, शंभर-शंभर काचा.

मग वाळवायचा, लगेच. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात हीच बोंब. हवेत इतका ओलावा की काच वाळता वाळत नाही, आणि हळू वाळली की तांबड्या पेशींत चमकणारी भोकं पडल्यासारखी दिसतात. नवा माणूस त्यांना काहीतरी आजार समजतो. आम्ही पावसाळ्यात काच पंख्यासारखी हलवायचो, नाहीतर टेबललॅम्पखाली धरायचो.

वाळल्यावर लिशमन हा रंग. आठ-दहा थेंब टाकून काच झाकायची, दोन मिनिटं. त्यातल्या मिथेनॉलनं पेशी काचेला पक्क्या बसतात. मग त्याच्या दुप्पट बफरचं पाणी, सात ते दहा मिनिटं. वर तांब्यासारखी चमकती साय धरते. धुताना रंग ओतून टाकायचा नाही, पाण्याच्या धारेनं तरंगवून घालवायचा. ओतलात तर ती साय काचेवर बसते आणि सगळीकडं काळे ठिपके.

बफर ६.८ पीएचचं. नळाचं पाणी वापरू नका. पाणी अल्कली झालं की सगळी काच निळी मारते आणि तुमच्या इओसिनोफिलचा केशरी रंगच मरतो. इतकी तयारी करून तीच दिसायची नाही.

डॉ_गंगावेस | मंगळवार, रात्री ११:२०

काकूंनी सगळं सांगितलंच आहे. मी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे काच तयार झाल्यानंतरचं बोलतो.

आधी त्या १९ बद्दल. टक्केवारी फसवते. ९,४०० चे १९ टक्के म्हणजे सुमारे १,७९०. हा खरा आकडा, आणि तो ५०० च्या वर गेला की आम्ही वाढ म्हणतो. म्हणजे तुमची वाढ खरी आहे, पण घाबरून झोप उडावी अशी नाही. स्टूल तपासा, तुमचे डॉक्टर बरोबर आहेत.

आता तुमचा आकार आणि वागणूक. तुमची बिडाची उपमा मला आवडली, पण ती शेवटपर्यंत जात नाही. कुठं तुटते ते पुढं सांगतो.

काच लावल्यावर आधी १० च्या लेन्सवर फिरा आणि तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या जागा शोधा. जाड भागात पांढऱ्या पेशी आक्रसतात, अगदी कडेला चिरडतात. मग तेलाचा थेंब आणि १०० ची लेन्स. तेल का? काचेतून बाहेर पडणारा उजेड हवेत वाकडा होऊन निसटतो. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५१५, त्यामुळे तो निसटत नाही आणि बारीक कण वेगळे दिसतात.

मोजपट्टी डोळ्यासमोरच असते: तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची.

सगळ्यात जास्त न्यूट्रोफिल भेटतील, शंभरात चाळीस ते पंचाहत्तर. तांबडीच्या जवळजवळ दुप्पट. केंद्रक जांभळं, आणि त्याचे दोन ते पाच तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले, ओवलेल्या मण्यांसारखे. या पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून स्वतःला पिळून बाहेर पडावं लागतं. अखंड गोल गोळ्यापेक्षा असं सांध्यासांध्याचं केंद्रक तिथून सोपं जातं, असं मानतात. बाहेर पडली की जंतूच्या वासावर जाते, त्याला वेढते, गिळते आणि पोटातले कण त्याच्यावर रिकामे करते. जखमेचा पू हिरवट का असतो? या पेशीतल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या हिरव्या एन्झाइममुळं. पू म्हणजे बहुतांश मेलेल्या न्यूट्रोफिल.

केंद्रकाचे तुकडे मोजण्याला अर्थ आहे. तुकडे न पडलेली, वाकलेल्या पट्टीसारखी केंद्रकं जास्त दिसली तर हाडातल्या मज्जेनं, म्हणजे रक्तपेशींच्या कारखान्यानं, कच्चा माल घाईनं बाजारात आणलाय, कुठंतरी जंतुसंसर्ग जोरात आहे. उलट सहा तुकड्यांची एक जरी दिसली तर मी बी-१२ ची शंका घेतो. पक्क्या शाकाहारी घरांत हे चित्र मला नेहमी भेटतं.

लिम्फोसाइट शंभरात वीस ते चाळीस. छोटी असेल तर जेमतेम तांबडीएवढी. गोल घट्ट केंद्रक आणि भोवती पेशीद्रवाची बारीकशी निळी किनार. तुमची उपमा इथं तुटते. बी पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या, टी पेशी संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या किंवा इतरांना कामाला लावणाऱ्या. कामं जमीन-अस्मानाची वेगळी, पण लिशमनच्या काचेवर दोघी सारख्याच. कितीही चांगली लेन्स लावा, आकारावरून ओळखता येत नाही.

मोनोसाइट सगळ्यांत थोराड, वीस मायक्रॉनपर्यंत. केंद्रक घोड्याच्या नालासारखं किंवा मूत्रपिंडासारखं दुमडलेलं, पेशीद्रव राखाडी निळं, त्यात कधी पोकळ फुगे. रक्तात ती फक्त प्रवासात असते. ऊतीत उतरली की मॅक्रोफेज होते आणि पडझड झालेला माल उचलत बसते.

बेसोफिल शंभरात एकही सापडेल याची खात्री नाही. सापडली तर काळ्या-जांभळ्या कणांनी केंद्रक झाकलेलं. त्या कणांत हिस्टामिन असतं.

आणि तुमची पाहुणी. इओसिनोफिलचं केंद्रक बहुधा दोन तुकड्यांचं, चष्म्यासारखं. आत ठासून भरलेले, एकाच मापाचे केशरी-लाल कण. एकदा बघितली की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

कट्टा_दूध | मंगळवार, रात्री ११:४१

तांबड्या-पांढऱ्याचा विनोद अजून कुणी केला नाही, कोल्हापूरला झालंय काय?

डॉ_गंगावेस | मंगळवार, रात्री ११:४४

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय. दया करा.

बायोच्या_बाई | बुधवार, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली. मी अकरावी-बारावीला शिकवते. पुस्तकात पाच पेशींची पाच चित्रं असतात, मुलं ती पाठ करतात आणि काच लावली की विचारतात, "मॅडम, यातली कुठली?" कारण चित्रात केंद्रक निळं, कण ठळक आणि पेशी कॅमेऱ्याकडं बघून उभी! काचेवर निम्म्या पेशी तिरक्या पडलेल्या असतात.

शाळा-कॉलेजवाल्यांसाठी एक विनंती: मुलांचं रक्त काढून हे करू नका. आम्ही रंगवलेल्या तयार काचा विकत आणतो.

मिरजकर_तिकटी | बुधवार, सकाळी १०:०२

विरोधी सूर लावतो. आता लॅबमधलं मशीन मिनिटाभरात हजारो पेशी मोजतं. माणूस शंभर मोजतो, त्याही चहा पीत. शंभरात चार बेसोफिल दिसल्या तर तो योगायोग की आजार, हे गणितानं सांगता तरी येईल का? ही काचेची भक्ती आता जुन्या लोकांचा छंद उरलीय. राग मानू नये.

काचपट्टी | बुधवार, दुपारी १:१०

राग कशाचा, निम्मं खरं आहे. संख्येत मशीनला कोण हरवणार? आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पांढऱ्या मण्याच्या पिपेटनं रक्त तोंडानं ओढायचो (आता हे ऐकून पोरी किंचाळतात), टर्क फ्लुइडमध्ये वीसपट पातळ करायचो. त्यातल्या अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडनं तांबड्या फुटून जातात. मग न्यूबाऊर चेंबरच्या, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेच्या, चार कोपऱ्यांतल्या पेशी मोजून गुणिले पन्नास. १४० मोजल्या की ७,०००. दोनपाच पेशी इकडच्या तिकडं झाल्या की शे-दोनशेचा फरक. नंतर डीसीचं, म्हणजे कुठली पांढरी शंभरात किती ते मोजायचं यंत्र आलं, म्हणजे नुसती बटणं हो: न्यूट्रोफिलला एक, लिम्फोला एक. शंभर झाले की घंटी वाजायची. ती घंटी अजून स्वप्नात येते.

पण ऐका. थॅलॅसेमियाचं (हा तांबड्या पेशींचा जन्मजात आजार) एक लेकरू यायचं. एकदा मशीननं पांढऱ्या पेशी दिल्या २४,०००. बरोबरचा कागद दुसऱ्या एका लॅबचा, तिथंही तसाच आकडा छापून हातात दिलेला, आणि आई रडतेय, की आता आणखी काय नवीन? काच बघितली. शंभर पांढऱ्या मोजेपर्यंत साठ केंद्रकवाल्या कच्च्या तांबड्या भेटल्या. मोठ्या माणसाच्या तांबडीला केंद्रक नसतं. या लेकरांची मज्जा घाईनं कच्च्या बाहेर सोडते. मशीनला केंद्रक दिसलं, त्यानं ती पांढऱ्यात धरली. चोवीस हजाराला शंभरनं गुणायचं, एकशे साठनं भागायचं. पंधरा हजार. हे गणित करायला काच बघावी लागली. आताची भारी मशीनं या पेशी वेगळ्या काढतात म्हणे, पण प्रत्येक गल्लीत भारी मशीन नाही.

डॉ_गंगावेस | बुधवार, रात्री ९:३०

मिरजकरांचं गणित बरोबर आहे, शंभराच्या मोजणीत एक-दोन टक्क्यांवर भांडू नये. वॉलेस कूल्टरनं १९५३ मध्ये पेशी मोजणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं तेव्हाची कल्पना साधी होती: बारीक छिद्रातून वीज वाहतेय, पेशी तिथून गेली की प्रवाहाला अडथळा, अडथळा मोठा तर पेशी मोठी. आता त्यात लेझरही आला. तरी मशीन पेशी बघत नाही, तिचा धक्का किंवा सावली मोजतं. ओळखीचा धक्का नसला की कागदावर निशाणी उमटवतं, 'काच बघा' म्हणून. ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी अशाच निशाणीमागं लपलेल्या असतात. निशाणी आल्यावर काच न बघता कागद छापणं हा गुन्हा, एवढंच माझं म्हणणं.

उभा_मारुती | गुरुवार, सकाळी ८:४८

बाळबोध प्रश्न. काचेवरून बाई की पुरुष ते ओळखता येतं असं एका टेक्निशियन मित्रानं सांगितलं. फेकतोय का?

काचपट्टी | गुरुवार, सकाळी ११:३०

फेकत नाही. बाईच्या शंभरातल्या दोन-तीन न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला ढोलाच्या टिपरूसारखा छोटा गुंडा लटकलेला असतो. ड्रमस्टिक म्हणतात. बायकांच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी मिटून बसलेलं ते एक. १९५४ पासून माहीत आहे हे. पण त्यावर पैज लावू नका, शोधता शोधता मान मोडते.

कट्टा_दूध | गुरुवार, सकाळी ११:३३

ड्रमस्टिक म्हणजे शेवगा म्हणून मी आमटीपर्यंत पोचलो होतो.

शिरोलीकर | रविवार, रात्री १०:१५ (अडीच आठवड्यांनी)

उशिरा आलो, पण सांगण्यासारखं आहे.

स्टूलमध्ये अंकुशकृमीची अंडी निघाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेतात अनवाणी जाता का? जातो की. सुट्टीदिवशी उसाला पाणी पाजायला चिखलात चपला कोण घालतंय? म्हणाले, अळी पायाच्या कातड्यातूनच आत शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली की आतड्यात. गोळी घेतली. आकडा लगेच उतरणार नाही, काही आठवड्यांनी परत तपासू म्हणालेत.

पण मूळ गोष्ट वेगळीच. काचपट्टीकाकूंनी त्यांच्या ओळखीच्या लॅबमध्ये मला बोलावलं, रविवारी लॅब बंद झाल्यावर. माझ्या पाच काचा वाया गेल्या, सहावी जमली. लिशमन, बफर, तेल. काकूंनी फिरवत फिरवत एका जागी थांबवली आणि बाजूला झाल्या.

फिकट गुलाबी तांबड्या पेशींच्या मधोमध ती. केशरी दाण्यांनी गच्च, शेंदूर लावल्यासारखी, आणि दाण्यांतून डोकावणारं जांभळं चष्म्याचं केंद्रक. एक पेशी तर पसरताना फुटलेली होती, तिचे दाणे काचेवर सांडलेले. मी तसाच बघत राहिलो. मग डॉक्टरांनी (तेही आलेले, आभार) सांगितलं ते डोक्यात बसलं: जंतू लहान, तो न्यूट्रोफिल गिळते. कृमी पेशीच्या हजारोपट मोठा, त्याला गिळणार कोण? म्हणून इओसिनोफिल त्याला चिकटते आणि हे दाणे त्याच्या अंगावर ओतते. म्हणजे मी रंग समजत होतो ते हत्यार होतं. तेच दाणे आपल्याच श्वासनलिकेत सांडले तर दमेकऱ्याचे हाल.

बायोच्या_बाई | रविवार, रात्री १०:३२

वा! पण डॉक्टर, एक खटकतं. काचेवरची पेशी मेलेली, चपटी झालेली, वरून आपणच रंगवलेली. ती 'चिकटते, ओतते' हे काचेवरून कसं कळलं?

डॉ_गंगावेस | रविवार, रात्री ११:०५

नाहीच कळलं काचेवरून. हाच मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न.

पॉल अर्लिखनं १८७९ च्या सुमारास डांबरापासून बनणारे कापडाचे रंग रक्तावर लावून बघितले. कुठले कण इओसिन हा लालसर रंग पितात, कुठले निळा रंग पितात, यावरूनच ही नावं पडली. म्हणजे आपण पेशींना ओळखतो ते त्यांच्या रंग पिण्यावरून. रोमानोव्स्कीनं १८९१ मध्ये दोन्ही रंग एकत्र आणले. भारतात नोकरी केलेल्या विल्यम लिशमन या लष्करी डॉक्टरनं १९०१ मध्ये आज काकू वापरतात तो रंग दिला.

काम कळलं ते दुसऱ्याच माणसाला, रंगाशिवाय. मेचनिकॉव्हनं १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथं तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत काटे टोचले आणि सकाळी बघितलं, तर फिरत्या पेशी काट्याभोवती जमलेल्या. जिवंत प्राण्यात, साध्या उजेडात. १९०८ चं नोबेल अर्लिख आणि मेचनिकॉव्ह दोघांना विभागून मिळालं, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.

शिरोलीकर, परत लॅबला जाणार असाल तर काकूंना ओला थेंब करायला सांगा. रंग नाही, काही नाही.

शिरोलीकर | पुढचा रविवार, रात्री ९:५०

केला. इवलासा थेंब, वर कव्हरस्लिप, कडांना व्हॅसलिन म्हणजे वाळत नाही. कंडेन्सर खाली, उजेड मंद. काकूंनी काच आधी थोडा वेळ तळहातात धरून ऊब दिली.

दहा मिनिटं काही नाही, तांबड्या नुसत्या डुलतायत. मग एक बारीक चमकणाऱ्या दाण्यांची, साखर भरल्यासारखी पेशी सापडली. काकू म्हणाल्या, हीच तुमची. न रंगवता हिचे दाणे असे चमकतात. आणि ती चालली. आधी एका बाजूनं काचेसारखा स्वच्छ पदर पुढं काढला, दाणे त्यात भळकन शिरले, मागची शेपटी ओढत आली. मिनिटाला जेमतेम स्वतःच्या लांबीएवढं अंतर. वाटेतली तांबडी खांद्यानं ढकलल्यासारखी बाजूला झाली. केंद्रक-बिंद्रक काही धड दिसत नव्हतं. आकार म्हणावा तर दर मिनिटाला वेगळा.

आमच्याकडं बीड एकदा थंड झालं की पुन्हा हलत नाही हो.

मिरजकर_तिकटी | पुढचा रविवार, रात्री १०:०८

हे मशीन करणार नाही. शब्द मागे. निम्मे.

काचपट्टी | पुढचा रविवार, रात्री १०:२०

शिरोलीकर, ४० ची लेन्स तेलात बुडवून गेलाय तुम्ही, आणि आयपीसला व्हॅसलिनचं बोट. लेन्स पेपर आणून ठेवलाय. या रविवारी या आणि पुसून जा.